'तरुण धूम्रपान करणाऱ्यांचाही पाठिंबा' ही बातमी वाचण्याआधी

तंबाखू खरेदीचं वय २१ करायला तरुण ओढणाऱ्यांचाही पाठिंबा आहे, अशी बातमी समोर आली तर ती कशी वाचावी, त्याबद्दल हे. अमेरिकेत हे किमान वय १८ वरून २१ करण्याचा वाद पंधराएक वर्षं चालला. तेवढा काळ बातम्यांत एकच सवाल घोळत राहिला: सैन्यात जाता येतं, मतदान करता येतं, मग सिगारेट का नाही? टाळ्या मिळतात त्याला, पण हिशेब सैनिकाचा नाहीच, वर्गमित्राचा आहे. तिकडे शाळेच्या शेवटच्या वर्षात बरीच मुलं १८ पूर्ण करतात. त्यातला एक दुकानातून पाकीट घेतो आणि पंधरा-सोळाच्या पोरांना पुरवतो. २१ वर्षांचा माणूस त्या शाळेत नसतो, साखळी तिथेच तुटते. आरोग्याच्या प्रश्नांवर सल्ला देणाऱ्या तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २०१५ च्या अहवालातही सगळ्यात जास्त फायदा १५ ते १७ वयोगटाचा होईल असंच म्हटलं होतं.

त्याच वर्षी सीडीसी या अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेच्या संशोधकांनी सर्वेक्षण छापलं: दर चार प्रौढांपैकी तिघे २१ च्या बाजूने, आणि सिगारेट ओढणाऱ्यांतही जवळपास ७० टक्के. आकडा खरा. पण या ओढणाऱ्यांत साठीचे आजोबाही आले. त्यांचं या कायद्याने काहीच जात नाही. ज्याचं पाकीट उद्यापासून बंद होणार त्या १९ वर्षांच्या मुलाचं मत वेगळं मोजावं लागतं, आणि बातमी घसरते ती इथेच. हजार लोकांच्या पाहणीत १८ ते २० वयाचे आणि शिवाय ओढणारे असे चाळीसेक निघाले, तर त्यांच्या टक्केवारीत १५ टक्के इकडे-तिकडे सहज होतात. तेवढ्यावर मथळा करू नये.

दुसरी गोष्ट प्रश्नाच्या शब्दांची. 'वय २१ करावं का?' आणि 'तुला पुढची दोन वर्षं सिगारेट विकत मिळू नये, चालेल का?' कायदा एकच, उत्तरं मात्र सारखी येतीलच असं नाही. टेक्सासने १ सप्टेंबर २०१९ पासून २१ लागू केलं तेव्हा आधीच १८ पूर्ण केलेल्यांना आणि सैनिकांना सूट दिली होती. २० डिसेंबर २०१९ ला आलेल्या संघीय कायद्यात कुणालाच सूट नाही, पण त्यात जबाबदारी विकणाऱ्यावर आहे, विकत घेणाऱ्या मुलावर नाही. यातलं काय सांगून प्रश्न विचारला हे बातमीत नसेल, तर पाठिंबा नक्की कशाला ते कळतच नाही.

तरुण ओढणारे पाठिंबा देतात याचं मला स्वतःला नवल वाटत नाही. तिथल्या रोज ओढणाऱ्या दर दहा प्रौढांपैकी सुमारे नऊ जणांनी पहिली सिगारेट १८ व्या वर्षापर्यंत ओढलेली असते. सवय कशी लागली हे १९ वर्षांच्या पोराला ताजं आठवतं. स्वतः ओढतो आणि २१ ला पाठिंबा देतो म्हणून त्याला ढोंगी म्हणणारे स्तंभलेख वाचून मात्र वैताग येतो.

आता आकड्यांची मोडतोड. मॅसॅच्युसेट्समधल्या नीडम गावाने २००५ मध्येच २१ केलं. शाळकरी मुलांतलं धूम्रपान २००६ ते २०१० मध्ये १३ वरून ७ टक्क्यांवर आलं. 'निम्म्यावर!' असे मथळे झाले. पण शेजारच्या १६ गावांतही ते १५ वरून १२ झालंच होतं. म्हणजे सहापैकी तीनेक अंक असेही घसरले असते. उरलेले तीन कायद्याचे धरा, तेही थोडे नाहीत. वय २१ केल्याने धूम्रपान १२ टक्क्यांनी घटेल, हा इन्स्टिट्यूटच्या अहवालातला आकडा तर पुढच्या काही दशकांचा अंदाज, तोही आहे त्या प्रमाणाच्या १२ टक्के. पुढच्या वर्षी शंभरातले बारा जण सोडतील असा त्याचा अर्थ लावणं चूक.

काळही बघावा. २०१९ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या बातम्या व्हेपिंगमुळे, म्हणजे ई-सिगारेट ओढल्यामुळे, फुफ्फुसं निकामी होणाऱ्या तरुणांनी भरल्या होत्या. मुख्य संशयित निघालं गांजाच्या अर्काच्या कार्ट्रिजमधलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. त्या महिन्यांत मोजलेला पाठिंबा सिगारेटच्या वयाबद्दलचा की त्या भीतीचा, हे वेगळं काढणं अवघड. त्याच वर्षी व्हेप विकणारी ज्यूल आणि सिगारेटवाली आल्ट्रिया या कंपन्याही २१ च्या बाजूने उभ्या होत्या. कंपनी टाळ्या वाजवते तेव्हा चवदार व्हेपवरची बंदी टळावी हा डाव असू शकतो, हेही वाचकाला सांगायला हवं.

आपल्याकडे हा विषय आता दारात आलाय. कर्नाटकाने २०२५ मध्ये खरेदीचं वय २१ केलं, महाराष्ट्रात ते कोटपा या केंद्राच्या तंबाखूविरोधी कायद्यानुसार १८ च आहे. म्हणजे तंबाखूची पेठ असलेल्या निपाणीत २१, आणि महामार्गाने अर्ध्या तासावरच्या कागलात १८. त्यात आपल्याकडे ओढण्यापेक्षा मळणं-चघळणं कितीतरी जास्त. 'सिगारेटचं वय' एवढंच विचारलं तर मावा, खर्रा, तंबाखूची पुडी हिशेबातच येत नाही. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे. ती टपरीवर किती पाळली जाते ते सगळ्यांना माहीत आहे.

वार्ताहर बंधू-भगिनींनो, टपरीवाला आणि मंत्री यांच्या प्रतिक्रिया झाल्या की वीस वर्षांच्या ओढणाऱ्यालाही गाठा. त्याला पाठिंबा आहे का ते नंतर विचारा. आधी विचारा, पहिली सिगारेट कुणी आणून दिली, आणणारा किती वर्षांचा होता, आणि गेल्या महिन्यात टपरीवर एकदा तरी कुणी ओळखपत्र मागितलं का.