पद्मनाभपुरमला पाऊण तास पुरत नाही

कन्याकुमारीला जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक सहली पद्मनाभपुरमचा राजवाडा वाटेवर उरकून घेतात, आणि हे बदलायला हवे असे मला मनापासून वाटते. पहिल्यांदा मीही असाच पाऊण तासात धावत बाहेर पडलो होतो; यंदा मात्र केवळ या राजवाड्यासाठी तक्कलईला उतरलो आणि सकाळपासून दुपारपर्यंत तिथेच राहिलो.

त्रावणकोरची ही जुनी राजधानी. १७४१ मध्ये कोलाचेलला डचांचा पराभव करणाऱ्या मार्तंड वर्मांनी १७५० साली आपले राज्य श्रीपद्मनाभाला अर्पण केले आणि त्याचे दास म्हणून कारभार केला. हे ठाऊक असले, की राजवाड्यातल्या उप्परिक्क माळिगे या चार मजली इमारतीचा सर्वांत वरचा मजला देवासाठी का राखला असेल, ते कोणी सांगावे लागत नाही. आज राजवाडा तमिळनाडूत असला, तरी १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतरही त्याची देखभाल केरळचे पुरातत्त्व खातेच करते.

झुंबरे आणि आरसे शोधणाऱ्यांना इथे काही सापडणार नाही. इथली श्रीमंती लाकडात आहे. प्रवेशाच्या पूमुखम दालनात मान वर करून उभे राहिले, की छतावर कोरलेली ९० फुले दिसतात, आणि त्यातले एकही दुसऱ्यासारखे नाही. मी ती मोजायला घेतली, चाळिशीच्या आसपास हिशेब चुकला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एवढा निवांतपणा घाईच्या सहलीत मिळत नाही.

चपला दाराशीच काढाव्या लागतात, हे तर फारच चांगले आहे, कारण इथली काळी जमीन पायांनीच कळते. नारळाच्या करवंट्यांचा कोळसा, चुना, अंड्याचा पांढरा बलक अशा वस्तू घालून ती घोटली असे सांगतात. बाहेर ऊन तापलेले असताना तळव्यांना लागणारा तिचा गारवा, आणि खिडकीचे गज जिच्यात स्वच्छ उमटतात अशी तिची झिलई, मी कितीतरी वेळ अनुभवत होतो. मंत्रशाळेत, म्हणजे राजाच्या सल्लामसलतीच्या दालनात, रंगीत अभ्रकाच्या तावदानांतून येणारा मंद उजेड त्याच जमिनीवर पसरतो. तिथून माझा पाय निघेना.

सहली आखणाऱ्यांनी या राजवाड्याला निदान अर्धा दिवस द्यावा आणि सोमवारी तो बंद असतो हे लक्षात ठेवावे. येत्या डिसेंबरात मी आईला घेऊन जाणार आहे. कोकणातल्या घरात तिने हयातभर शेणाने जमीन सारवली. ही जमीन तिने अनवाणी चालून पाहावी, अशी माझी फार इच्छा आहे.