गजबजलेलं ब्लॉगस्थळ विकत घेऊन ओस कसं पाडावं

खिशात शे-दोनशे कोटी डॉलर खुळखुळतायत आणि कुठे घालावेत सुचत नाहीये? मग लोकांनी वर्षानुवर्षं फुकट लिहून नावारूपाला आणलेलं एखादं ब्लॉगस्थळ घेऊन टाका. लिहिणाऱ्यांना विचारायचं कारण नाही. घर विकताना भाडेकरूला कोण विचारतं?

पहिल्याच दिवशी जाहीर करा : काहीही बदलणार नाही. २०१३मध्ये याहूने ११० कोटी डॉलर मोजून टम्बलर हे ब्लॉगस्थळ घेतलं, तेव्हा 'आम्ही याची वाट लावणार नाही' असं वचन चक्क अधिकृत निवेदनात होतं. २०१९मध्ये तेच टम्बलर ३० लाख डॉलरच्याही खाली विकलं गेल्याचं छापून आलं. वचन पाळावं तर असं.

लॉगिन बदला. खातरजमेचा ईमेल अशा पत्त्यावर पाठवा, जी सेवा तुम्हीच बंद केली आहे.

अश्लील मजकूर हुडकायला यंत्र बसवा. २०१८मध्ये टम्बलरच्या यंत्राला साध्यासुध्या चित्रांतही अश्लीलता दिसली होती.

आता एडिटर. जुन्यात माणूस लिहायचा, 'प्रकाशित करा' दाबायचा, झोपायला जायचा. इतकं सोपं ठेवून कसं चालेल? प्रत्येक परिच्छेदाचा वेगळा ठोकळा करा. शब्द निवडायला गेलं की नेमकी त्याच शब्दावर पट्टी आणून बसवा. आमच्या ब्लॉगस्थळाच्या नव्या मालकांनी (जुने विकून मोकळे झाले) परवाच हे केलं, 'आपला लेखनानुभव समृद्ध करण्यासाठी' म्हणे. त्या समृद्धीत जुन्या लेखांखालच्या प्रतिक्रिया गडप झाल्या. भाजणीवरच्या माझ्या एका लेखाखाली धणे किती, ज्वारी किती, काळे उडीद सालासकट घ्यायचे की नाही यावर वाचक महिनाभर भांडले होते. लेख यथातथाच होता, वाचावं ते खालचं भांडण. तिथे आता येतं : 'पहिली प्रतिक्रिया तुमची असू द्या!' पहिली? तक्रार केली तर उत्तर आलं, 'प्रिय मूल्यवान सदस्य, कॅशे साफ करून पाहा.' माझ्या कॅशेत, ब्राउझरच्या त्या तात्पुरत्या साठ्यात, होतं होय ते सगळं?

सगळा मजकूर उतरवून घ्यायचं बटण जरूर ठेवा. चालायलाच हवं असं नाही.

आणि कंटाळा आला की टाळं लावा. लोकांना फुकट वेबपानं करू देणाऱ्या जिओसिटीजसाठी याहूने १९९९मध्ये साडेतीनशे कोटी डॉलरच्या वर मोजले आणि २००९मध्ये लोकांची पानं पुसून टाकली. ट्विटरने पोस्टरस हे ब्लॉगस्थळ मार्च २०१२मध्ये घेतलं, एप्रिल २०१३च्या अखेरीस बंद. त्यांना तिथले इंजिनिअर हवे होते. लेखांचं काय लोणचं घालायचंय?

पुरे झालं. अरे, तुम्ही विकत काय घेतलंत? सर्व्हर आणि नाव. बाकी सगळं आमचं होतं. रात्री जागून आम्ही लिहिलं, एकमेकांच्या चुका आम्ही काढल्या, त्या गर्दीकडे बोट दाखवून किंमत मात्र तुम्ही ठरवलीत. विका ना, कोण अडवतंय? पण आधी प्रत्येकाचे लेख प्रतिक्रियांसकट त्याच्या हातात द्या. तेवढं करायची दानत नसेल, तर पुढच्या पत्रात 'आपला परिवार' लिहू नका. शरम वाटली पाहिजे.