नकार ऐकू शकणाऱ्यानेच सुवार्ता सांगावी

ख्रिस्ती विश्वास इतरांना कसा सांगावा याविषयी विश्वासी लोकांत चर्चा निघते, तेव्हा ती बहुतेक वेळा सुरुवातीच्या वाक्यांभोवतीच फिरत राहते: विषय कसा काढावा, कोणते वचन आधी सांगावे, आक्षेप आला तर काय उत्तर द्यावे. ऐकणारा शांतपणे ‘नाही’ म्हणाला तर पुढे काय करायचे, यावर क्वचितच कोणी बोलते. माझे मत असे आहे की आपल्या साक्षीची खरी परीक्षा तिथेच होते. नकार मिळाल्यावरही ज्याचे प्रेम, जाणे-येणे आणि आदर तसूभरही उणा होत नाही, त्याच्याच तोंडी सुवार्ता शोभते. ही अट आजच्या काळाला रुचावी म्हणून मी घालत नाही. ती खुद्द येशूच्या वागण्यातून आलेली आहे.

श्रद्धा ही खासगी बाब आहे, ती ज्याची त्याने मनात ठेवावी, असे म्हणणाऱ्यांचा हेतू मला समजतो, कारण धर्माच्या नावाने झालेली बळजबरी त्यांच्या डोळ्यांपुढे असते. परंतु योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय पाहा. अंद्रियाला येशू भेटतो आणि तो आधी आपल्या भावाला, शिमोनाला, शोधायला जातो. त्याला तशी आज्ञा कोणी केलेली नसते; ‘जाऊन सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा’ हे मत्तयाच्या अखेरच्या अध्यायातील शब्द त्यानंतर पुष्कळ काळाने उच्चारले गेले. पुढे फिलिप्प नथनेलाला सांगतो, नथनेल नासरेथाचे नाव ऐकताच शंका काढतो आणि फिलिप्प वाद न घालता त्याला ‘येऊन पाहा’ एवढेच म्हणतो. ज्याच्या आधारावर आपण जगतो असे आपल्याला वाटते, ते जिवलगांपासून जन्मभर लपवून ठेवण्याला मी सभ्यपणा म्हणणार नाही. मला त्यात दुरावाच दिसतो.

‘माझे जगणे हीच माझी साक्ष, शब्दांची गरज नाही’ असेही पुष्कळ जण म्हणतात आणि त्यासाठी असिसीच्या संत फ्रान्सिसचा हवाला देतात. सुवार्ता सांगत राहा, गरज पडली तरच शब्द वापरा, अशा अर्थाचे ते प्रसिद्ध वचन त्याच्या लिखाणात किंवा त्याच्या सुरुवातीच्या चरित्रांत कोठेही आढळत नाही. फ्रान्सिस भरपूर बोलत असे, गावोगाव उपदेश करीत असे. इतकेच नव्हे, तर ख्रिस्ती आणि मुस्लिम सैन्यांतील पाचवे धर्मयुद्ध चालू असताना, 1219 मध्ये, इजिप्तमधील दमिएताजवळ तो नि:शस्त्र अवस्थेत शत्रूच्या छावणीत गेला आणि सुलतान अल-कामिल याच्यापुढे त्याने आपला विश्वास मांडला. सुलतानाने त्याचे ऐकून घेतले, पण तो ख्रिस्ती झाला नाही, आणि फ्रान्सिस सुखरूप परतला. दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांना ठार मारीत असताना एकाने बोलावे, दुसऱ्याने ऐकावे आणि मत न जुळताही दोघांनी सन्मानाने निरोप घ्यावा, याला अयशस्वी भेट म्हणणे मला पटत नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, 1221 मध्ये, आपल्या बंधूंसाठी त्याने जी नियमावली तयार केली, तिच्यात मुस्लिमांमध्ये राहायला जाणाऱ्यांसाठी दोन मार्ग सांगितले आहेत. पहिला असा की वादविवाद करू नये, देवासाठी प्रत्येक माणसापुढे नम्र होऊन राहावे आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करावे. दुसरा असा की देवाची तशी इच्छा आहे असे दिसेल तेव्हा वचनाची उघड घोषणा करावी. आठशे वर्षांपूर्वीच्या या नियमात जगणे आणि बोलणे दोन्ही आहे, आणि नम्रता आधी आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रातही हेच दिसते: तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला नेहमी सिद्ध असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. तिथे आधी प्रश्न येतो आणि मग उत्तर, ही गोष्ट आपण वाचताना सहसा ओलांडून जातो.

आता येशूकडे वळतो. मार्काच्या दहाव्या अध्यायात एक श्रीमंत माणूस धावत येऊन गुडघे टेकतो आणि सार्वकालिक जीवनाविषयी विचारतो. येशू त्याच्याकडे पाहतो, त्याच्यावर प्रीती करतो (हे शब्द मार्काने मुद्दाम नोंदवले आहेत), त्याला जे सांगायचे ते स्पष्ट सांगतो आणि तो माणूस खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्या मागे जात नाही. अट थोडी सैल करून त्याला परत बोलावत नाही, त्याची निंदाही करीत नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात कठीण वचने ऐकून बरेच शिष्य सोडून जातात, तेव्हा तो उरलेल्या बारा जणांना विचारतो, तुम्हीही जाऊ पाहता काय? अनुयायी गळत असताना उरलेल्यांसमोरही दार उघडे ठेवणारा हा गुरू आहे. आणि शोमरोनातील एका गावाने त्याला राहायला जागा नाकारली, तेव्हा याकोब आणि योहान आकाशातून अग्नी मागवू का असे विचारतात. लूक सांगतो की येशूने वळून त्या दोघांनाच धमकावले आणि मग ते दुसऱ्या गावाला गेले. नकार देणाऱ्या गावाला तो एका शब्दानेही दुखावत नाही. त्याचा राग ओढवतो तो नकाराचा सूड घेऊ पाहणाऱ्या शिष्यांवर.

दुर्दैवाने पुढच्या शतकांत अग्नी मागवणारे शिष्य पुष्कळ झाले. आठव्या शतकाच्या अखेरीस फ्रँक लोकांचा ख्रिस्ती राजा शार्लमेन याने सॅक्सन लोकांसाठी केलेल्या कायद्यात बाप्तिस्मा नाकारणाऱ्याला मृत्युदंड होता. त्याच काळात, त्याच राजाचा विद्वान सल्लागार अल्क्युइन याने 796 मधील पत्रांत याविरुद्ध लिहिले की विश्वास ही स्वेच्छेची गोष्ट आहे; माणसाला त्याकडे आकर्षित करता येते, ढकलता येत नाही. 1492 मध्ये स्पेनमधील यहुद्यांपुढे बाप्तिस्मा किंवा हद्दपारी एवढेच पर्याय ठेवले गेले. हा इतिहास मांडणारे ख्रिस्तविरोधी असतात, असे समजून आपण तो टाळतो. माझ्या मते सुवार्ता सांगू इच्छिणाऱ्याने तो सर्वांत आधी वाचायला हवा, कारण ऐकणाऱ्याच्या मनात तो आधीच असतो. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1965 मध्ये, धर्मस्वातंत्र्याविषयीची घोषणा स्वीकारली आणि विश्वासाच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये हे नि:संदिग्धपणे मांडले. 2011 मध्ये जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना यांनी मिळून बहुधर्मीय जगात साक्ष कशी द्यावी यावर एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. इतर अनेक बाबतींत ज्यांचे जुळत नाही अशा या तीन संस्था या प्रश्नावर एकत्र आल्या, याचे मला मोल वाटते.

त्या निवेदनातील एक मुद्दा आपण वारंवार वाचावा असा आहे: माणसाच्या गरिबीचा आणि गरजेचा फायदा घेण्याला ख्रिस्ती साक्षीत जागा नाही. उघड बळजबरी आज बहुतेक ठिकाणी राहिलेली नाही, पण नकार देणे अवघड करून ठेवणारे मार्ग अजून आहेत. आजारी माणूस अंथरुणाला खिळलेला आहे आणि त्याची सेवा करणारा त्याच वेळी त्याच्याकडून प्रार्थनेला होकार मागत आहे. घरात नुकताच मृत्यू झाला आहे आणि सांत्वनाला आलेला माणूस नरकाची गोष्ट काढतो. मदत मिळवण्यासाठी आधी सभेला बसावे लागते. लहान मुलांना आईवडिलांच्या नकळत काही शिकवले जाते. यांतील प्रत्येक प्रसंगी समोरची व्यक्ती मोकळेपणाने ‘नाही’ म्हणू शकत नाही, आणि जिथे ‘नाही’ म्हणता येत नाही तिथल्या ‘हो’ला काही अर्थ उरत नाही. सेवा करावी, जीव ओतून करावी, आणि तिच्या बदल्यात कानही मागू नयेत. येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परत आला. बाकीच्या नऊ जणांचे बरेपण काढून घेतले गेले नाही.

घाईसुद्धा दडपणच असते. प्रारंभीच्या शतकांत मंडळी, म्हणजे चर्च, बाप्तिस्म्याआधी दीर्घकाळ शिक्षण देत असे, काही ठिकाणी तीन वर्षांपर्यंत. आज एका सभेत हात वर झाले की त्यांची संख्या अहवालात जाते. पौलाने करिंथकरांना लिहिले की मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढ देवाने दिली. वाढ आपल्या हातात नसेल तर तिचा हिशेब आपल्या नावावर मांडण्याचे कारणच राहत नाही. इंग्लिश मिशनरी विल्यम केरी 1793 मध्ये बंगालमध्ये आला आणि त्याच्या कार्यातून विश्वासात आलेला पहिला बंगाली, कृष्ण पाल, याचा बाप्तिस्मा 1800 च्या डिसेंबरमध्ये झाला. मधल्या सात वर्षांचा अहवाल आजच्या पद्धतीने लिहिला असता तर तो कोरा दिसला असता.

कसे बोलावे याविषयी मला प्रेषितांच्या कृत्यांतील फिलिप्प (नथनेलाला बोलावणाऱ्या फिलिप्पाहून हा वेगळा) आणि कूश देशाच्या राणीचा अधिकारी यांची भेट फार जवळची वाटते. अधिकारी रथात बसून यशया वाचत असतो. फिलिप्प आधी त्याचे वाचन ऐकतो, मग वाचता ते समजते का असे विचारतो, अधिकाऱ्याने विनंती केल्यावरच रथात चढून बसतो आणि त्याने विचारलेल्या ओळीपासूनच बोलायला सुरुवात करतो. अथेन्समध्ये पौलानेही तेथील लोकांच्याच एका वेदीपासून आणि त्यांच्याच कवीच्या ओळीपासून आरंभ केला. भाषण संपल्यावर काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधी ऐकू, आणि दियोनुस्य, दामारी असे थोडे जण विश्वास ठेवणारे निघाले. थट्टा करणाऱ्यांना पौलाने काही सुनावल्याची नोंद नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेतील सर्वांत वाईट उदाहरण आपल्या श्रद्धेतील सर्वांत चांगल्या उदाहरणाशेजारी ठेवून बोलणारे आपण पाहतो. ती खोटी साक्ष आहे आणि दहा आज्ञांत तिला मनाई आहे.

याउलट, आपल्याला जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणण्याने साक्ष दुबळी होत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायातील येशूने दृष्टी दिलेल्या जन्मांधाला परूशी, म्हणजे त्या काळचे कर्मठ यहुदी धर्मपुढारी, खोदून विचारतात, तेव्हा येशू पापी आहे की नाही हे मला माहीत नाही, मी आंधळा होतो आणि आता मला दिसते एवढे मला माहीत आहे, असे तो सांगतो. दु:ख का येते, प्रार्थनेला उत्तर का मिळत नाही, इतर धर्मांतील सज्जनांचे काय होणार, अशा प्रश्नांवर पाठ केलेले उत्तर फेकण्यापेक्षा हा प्रामाणिकपणा ऐकणाऱ्याचा कितीतरी अधिक मान राखतो.

सर्वांत अवघड असते ते घरच्या माणसांना सांगणे. चौथ्या शतकातील मोनिका आपला मुलगा ऑगस्तीन, जो पुढे चर्चचा थोर विचारवंत झाला, त्याच्यासाठी वर्षानुवर्षे रडली. तिने एका बिशपांना त्याची समजूत घालण्याची गळ घातली, तेव्हा त्यांनी सध्या त्याला तसेच राहू दे, फक्त त्याच्यासाठी प्रार्थना कर, असा सल्ला दिला. हे ऑगस्तीनने स्वत: लिहून ठेवले आहे. मिलानमध्ये त्याला तेथील बिशप अँब्रोज भेटले, आणि सुरुवातीला आपण त्यांच्यावर प्रेम केले ते सत्याचे शिक्षक म्हणून नव्हे, तर आपल्याशी मायेने वागणारा माणूस म्हणून, असेही तो सांगतो. 387 मध्ये अँब्रोज यांनीच त्याला बाप्तिस्मा दिला.

यातून एक गोष्ट ओघाने येते, आणि आपल्यातील अनेकांना ती आवडणार नाही. मानवी हक्कांच्या 1948 च्या जाहीरनाम्यातील 18 व्या कलमाने धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य मान्य केले आहे. आपल्याकडे येऊ इच्छिणाऱ्यासाठी आपण त्या स्वातंत्र्याचा आग्रह धरत असू, तर आपल्यातून जाऊ इच्छिणाऱ्यालाही ते तितक्याच मन:पूर्वक द्यायला हवे. आपला मुलगा किंवा मैत्रीण विश्वास सोडते, तेव्हा तिला टाळणे, तिच्याविषयी कुजबुजणे, प्रार्थनासभेत तिचे नाव घेऊन तिचे खासगी आयुष्य सर्वांपुढे मांडणे, हे प्रकार ज्या मंडळीत चालतात, त्या मंडळीचे आमंत्रण स्वीकारताना बाहेरच्या माणसाने दहादा विचार केला तर त्याचे काही चुकत नाही.

म्हणून माझी मंडळींच्या पुढाऱ्यांना विनंती आहे की सुवार्ताकार्याच्या प्रशिक्षणात एक पूर्ण सत्र नकारासाठी ठेवा. मित्र ‘नको’ म्हणाला की त्याचे आभार कसे मानावेत, त्याने आपणहून विचारेपर्यंत विषय पुन्हा का काढू नये, त्याची स्वत:ची श्रद्धा काय आहे हे कुतूहलाने कसे ऐकावे, त्याच्या सुखदु:खात पूर्वीसारखेच कसे जात राहावे आणि त्याच्यासाठी प्रार्थना करायची ती एकांतात, त्याला न सांगता, कशी करावी, हे तरुणांना पहिल्या वाक्याइतक्याच काळजीने शिकवा.