हत्तीपायी दोन रजा

"आम्ही शनिवारी येऊन राहिलो," अकोल्याहून मोठ्या काकांचा फोन आला. "तू फक्त मुंबई दाखव. बाकी काही नको."

बाकी काहीही मागितलं असतं तर परवडलं असतं. बावीस वर्षं मी डोंबिवली ते फोर्ट जा-ये करतोय. मला मुंबईतलं काय माहीत? कुठल्या डब्याचा दरवाजा पुलाखाली येतो ते. गेटवेला मी शेवटचा गेलो तो लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी, आणि घारापुरीच्या लेण्यांना तर कधीच नाही. पण काका निवृत्त मास्तर. येताना वहीत यादी लिहूनच आणली होती, आणि पहिल्या ओळीवर घारापुरी.

घारापुरी सोमवारी बंद. म्हणून रविवारी निघालो. रविवारी मेगाब्लॉक. जलद गाडी धिम्या मार्गावरून रखडत चालली आणि काकू प्रत्येक स्टेशनवर विचारत होत्या, "हेच का मुंबई?" मुलुंडपर्यंत मी "नाही हो काकू" म्हणत होतो. कुर्ल्यानंतर मलाच शंका यायला लागली.

गेटवेसमोर काकांनी वही उघडली. "पंचम जॉर्ज आला 1911 मध्ये. पायाचा दगड बसला 1913 मध्ये. कमान पुरी झाली 1924 मध्ये." चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे स्वागताची कमान पाहुणा गेल्यावर तेरा वर्षांनी?"

"तेव्हा पुठ्ठ्याची केली होती म्हणतात," मी म्हणालो आणि लगेच जीभ चावली. काका येणार म्हणून आमच्या बाथरूमच्या फरश्या उखडल्या होत्या. गवंडी चार दिवसांपासून 'उद्या' येतोय, आणि तोवर त्या जागी आम्हीही पुठ्ठाच अंथरलाय. काकू मात्र खुदकन हसल्या.

लाँचमध्ये वर बसायचे वेगळे पैसे पडतात. काकांनी ते दिले आणि समुद्राकडे तासभर असे बघत बसले, की जणू कोणी एवढं पाणी वाया घालवतंय. धक्क्यावर उतरल्यावर टॉयट्रेन, मग शंभरावर पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. दर वीस पायऱ्यांनी काकू कुठल्या तरी दुकानात टोपी पारखायला थांबत. टोपी घ्यायची नव्हती. दम खायचा होता.

वर माकडं. त्यातल्या एका धिप्पाड नराने काकूंची पिशवी इतक्या सहजपणे काढून घेतली, की काकूंनीच ती धरायला दिली असं वाटावं. पिशवीत दशम्या आणि स्टीलच्या डबीत ठेचा. त्याने डबीचं झाकण फिरवून उघडलं, बोट बुडवलं, चाटलं. क्षणभर शांत बसला. मग हात दगडावर नीट पुसला, डबी बाजूला ठेवली आणि आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू फसवणूक आम्हीच केली होती.

"आमच्याकडचा आहे बाप्पा," काकू त्याला म्हणाल्या.

लेण्यात शिरल्यावर उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी काही दिसेना. मग अंधारातून हळूहळू तो तीन मुखांचा सदाशिव पुढे आला. वीस फूट उंच, मधला चेहरा डोळे मिटलेला. काकांनी वही मिटली. मी "हो, हेच ते" म्हणायचं ठरवलं होतं, पण आवाज फुटेना. आम्ही तिघं बराच वेळ तसेच उभे होतो.

बाहेर आल्यावर काकांना कंठ फुटला. "बेटाला एलिफंटा नाव पोर्तुगीजांनी दिलं. इथल्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती कुठाय?"

मी इकडेतिकडे पाहिलं. शेवटी पाणी विकणाऱ्या मावशींनी सांगितलं, "तो इथं नाय. राणीच्या बागेत नेला कधीच."

यादीत नवीन ओळ वाढली.

सोमवारी मी लंगडत ऑफिसला गेलो. मंगळवारी अर्धा दिवस टाकून मलबार हिलवर. तिथल्या म्हातारीच्या बुटात, म्हणजे पोरांच्या बुटासारख्या खेळघरात, चढायचं वय काकांचं नव्हतं, म्हणून ते फक्त खालून त्याचं माप बघत होते. हँगिंग गार्डन पाण्याच्या टाकीवर आहे, 1881 मधलं, हे कळल्यावर काकू चपला काढून हळूहळू चालायला लागल्या. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावातल्या बाईला टाकीवर पाय देववत नाही.

बुधवारी रजा टाकली. भायखळ्याला उतरून उन्हात राणीच्या बागेच्या फाटकाशी पोचलो. बाग बुधवारी बंद.

"तुले माहीत नव्हतं?" काकांनी फार सौम्यपणे विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

गुरुवारी दुसरी रजा. साहेबांना कारण काय सांगणार? 'हत्ती' लिहिण्यापेक्षा 'ताप' लिहिला. आत शिरल्यावर सगळी गर्दी पेंग्विनकडे चाललेली. आम्ही तिघं उलट्या दिशेने, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. तिथे तो उभा होता. ओबडधोबड, अंगावर सांध्यांच्या रेषा, जवळ चिटपाखरू नाही. काकांनी वहीतून वाचलं: 1864 मध्ये साहेब लोक त्याला विलायतेला नेत होते, उचलताना क्रेन मोडली, हत्तीचे तुकडे झाले. 1914 मध्ये जोडून पुन्हा उभा केला.

"पन्नास वर्षं तुकडे पडून होते?" काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुझा गवंडी येईल रे. काळजी करू नको."

शुक्रवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, "ताप उतरला?" जन्म परळचा, वय पंचावन्न. त्याला खरं सांगितलं.

"राणीच्या बागेत दगडी हत्ती? काहीतरीच! रविवारी पोरांना घेऊन बघतोच."

"बघ," मी म्हणालो. "फक्त बुधवारी जाऊ नकोस. आणि घारापुरीला गेलास तर ठेचा जवळ ठेव."