चिपाड पुन्हा कसं पिळावं

थकलेल्या शैक्षणिक कर्जांच्या वसुलीचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर घाबरू नका. सरळ कोल्हापूरची गाडी धरा. थकबाकीदार इथं शोधावा लागत नाही. संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर जा आणि 'इंजिनिअर' अशी हाक मारा. जो मान वळवत नाही, तो तुमचा.

फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. सारखं सारखं फोन करून छळू नये, असंही ती म्हणते. पण 'सारखं' म्हणजे दिवसातून किती वेळा, हे तुमच्या कल्पकतेवर आहे. पोरगं उचलत नसेल तर बापाला लावा. तो सहकर्जदार असतो आणि हमखास उचलतो, कारण कारखान्याचा फोन असेल असं त्याला वाटतं. "सायेब, उसाचं बिल निघालं की भरतोय," असं म्हणेल. म्हणू द्या. ते बिल १४ दिवसांत द्यावं असं ऊस नियंत्रण आदेश १९६६ पासून सांगतोय. तुमचा नियम ९० दिवसांचा. हप्ता तेवढे दिवस चुकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. दोन्हीतला कुठला नियम पाळला जातो, हे बापाला चांगलं ठाऊक आहे.

खरी युक्ती उसातच आहे. सोसायटीचं पीककर्ज वसूल करायला आमच्याकडं कुणी दारोदार हिंडत नाही, ऊस बिलातूनच परस्पर कापून घेतात. तीच तऱ्हा पदवीला लावा. शिरोली एमआयडीसीच्या गेटवर एक काटा बसवा आणि पगार घेऊन बाहेर पडणारा प्रत्येक पदवीधर त्यावर उभा करा. साडेसात लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता दहा हजारांच्या वर जातो. पगार धरा तेरा हजार. उरलेल्यात मेसचा डबा आणि पेट्रोल. मिसळ बंद! (एवढी कठोर शिक्षा कोल्हापुरात देऊ नये असं माझं वैयक्तिक मत आहे, पण वसुलीत भावना आणू नयेत.)

जप्तीची स्वप्नं मात्र बघू नका. साडेसात लाखांपर्यंतच्या हमी योजनेतल्या कर्जाला तारणच नसतं. घर नाही, म्हैसही नाही. फार तर पदवीचा कागद उचला आणि गुजरीत दाखवून या. सोनार कसोटीवर घासून बघेल आणि तुम्हाला चहा पाजून परत पाठवेल. बुडीत रकमेतला ७५ टक्के वाटा सरकारी हमी निधी बँकेला भरून देतो, हे पोराला सांगू नका. उगाच त्याला वाटायचं, आपलीही कुणीतरी हमी घेतलीय.

सिबिलचं, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाला मिळणाऱ्या गुणांचं, हत्यार सगळ्यात धारदार. हप्ता थकला की स्कोअर पडतो. आता हे पोरगं बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत असणार, कारण दुसरं काही उरलेलंच नाही. तिथं रुजू होताना कर्जाचा इतिहास स्वच्छ लागतो, नाहीतर कर्ज देणाऱ्या बँकेचा ना हरकत दाखला. म्हणजे कर्ज फेडायला नोकरी हवी आणि नोकरीला फेडलेलं कर्ज. हा चरक ज्यानं बसवला त्याचा सत्कार व्हायला हवा.

शेवटी, नोटिशीला जरा स्थानिक रंग द्या. दसरा चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे, आजूबाजूला त्यांच्या काळातली बोर्डिंगं आहेत. पोराच्या शिक्षणापायी बापाला दंड करण्याची रीत या संस्थानात १९१७ पासून आहे, महिन्याला एक रुपया, असं ठणकावून लिहा. तो दंड पोराला शाळेत न पाठवल्याबद्दल होता, एवढं वाक्य तेवढं गाळा. नोटिशीत जागा कमीच असते.