आभा कार्ड निघालं, उघडणार कोण?

दिवाळीत चोपड्याला गेलो, तेव्हा आप्पांनी कौतुकानं आभा कार्ड, म्हणजे आरोग्याच्या नोंदी एका नंबरला जोडणारं सरकारी कार्ड, दाखवलं. 14 आकडी नंबर, वर फोटो. मधुमेहाच्या तपासणीला निघताना हातात मात्र नेहमीचीच प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात 12 वर्षांच्या चिठ्ठ्या आणि पुसट झालेले ईसीजी. दवाखान्यात नंबर कुणी विचारला नाही, पिशवीही कुणी उघडली नाही.

रात्री घरात वाद झाला. भाऊ म्हणाला, आपली माहिती भलत्याच्या हाती जाईल. त्याला सांगितलं, आभा ऐच्छिक आहे, संमतीशिवाय नोंदी दुसऱ्याला दाखवायच्या नाहीत असा नियम आहे. तो पाळला जातो का, हे मात्र विचारत राहायलाच हवं. जिजीचं म्हणणं वेगळं, "डाक्टर मनाकडे (माझ्याकडे) देखत नही, कॉम्प्युटरकडेच देखस." मी इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टर आहे. हीच तक्रार माझे पेशंटही करतात, आणि ती खरी आहे.

तरी मी कागदाकडे परत जाणार नाही. इंग्लंडमध्ये 2004 पासून मधुमेहाच्या ठरावीक तपासण्या पूर्ण केल्या की दवाखान्याला पैसे मिळतात. मला त्या पैशांहून यादी मोलाची वाटते. मी संगणकाला विचारतो, साखर तपासली पण वर्षभरात पाय तपासले नाहीत, असे कोण? नावं येतात, नर्स फोन करते. तळपायाला नायलॉनचा तंतू टेकवून "कळतंय का?" एवढंच विचारायचं असतं. बधिर पायाची जखम चिघळली तर पाय कापावा लागतो. जो पेशंट आलाच नाही, तो कागदाच्या गठ्ठ्यात सापडत नाही.

आणि नंदुरबारचं काय? भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. 2023 मध्ये केंद्रानं त्यासाठी मोहीम सुरू केली. पण ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या पोराला तिथे कळ उठली, तर हायड्रॉक्सीयुरिया हे त्यावरचं औषध किती चालू आहे, रक्त कधी चढवलं, हे तिथल्या डॉक्टरला कळायला हवं. आभाच्या नंबरचं खरं काम तिथे आहे. नंदुरबारच्या धडगावात रेंज नसते, म्हणून छापील कागदही सोबत द्या. आणि ओपीडीत टायपिंगला माणूस द्या, म्हणजे डॉक्टर जिजीकडे बघेल.

निघायच्या आदल्या दिवशी ओट्यावर बसवून आप्पांचे पाय मीच तपासले. डाव्या अंगठ्याला तंतू टेकवला, त्यांना कळलंच नाही. वहीच्या पानावर तारीख घालून तसं लिहिलं आणि पान त्या पिशवीत ठेवलं.