‘खुनी बायकांचं कौतुक कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘एक ठाणेकर’ या नावाने तुम्ही टाकलेली प्रतिक्रिया वाचली. अंदमानातल्या बंदिवान बायकांवरच्या माझ्या लेखाला तुमचे दोन आक्षेप आहेत. काळं पाणी म्हणजे क्रांतिकारकांची तपश्चर्या, तिथे खुनी बायकांना आणून बसवू नका, हा एक. आणि त्यांचे संसार म्हणजे इंग्रजांनी लावून दिलेल्या जोड्या, त्याला कुटुंब म्हणणं भाबडेपणा आहे, हा दुसरा. वर लेखच काढून टाका म्हणालात.

पहिल्याबद्दल थोडक्यात. 1911 मध्ये सावरकरांना आपल्या ठाण्याच्या तुरुंगातून मद्रासमार्गे अंदमानला नेलं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण अंदमानची वसाहत 1858 ची आणि सेल्युलर जेल पूर्ण झालं 1906 मध्ये. मधल्या काळात तिथे सत्तावनचे बंडवाले गेले, तसे हजारो साधे फौजदारी कैदीही गेले. त्यांत बायका होत्या. त्यांच्याबद्दल लिहिल्याने सावरकरांचं काही उणं होत नाही.

आता ‘खुनी’. पुण्यात सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवाने तिला नादी लावलं, दिवस गेले. विषारी औषधं देऊन झाली, गर्भ पडेना. मूल झालं. तिने त्याचा गळा कापला आणि घरामागच्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांत पोलिसांना सापडलं आणि पुण्याच्या सेशन्स कोर्टाने तिला जन्मठेप, काळं पाणी दिलं. ही हकिगत जोतीराव फुल्यांनी 1884 मध्ये समाजसुधारक बेहरामजी मलबारींच्या बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवरच्या टिपणांवर मत देताना लिहून ठेवली आहे. त्यांचं बालहत्या प्रतिबंधक गृह याच प्रकरणानंतर निघालं. काशीबाईने खून केला, यात वादच नाही. पण गुन्हा दोघांचा आणि बोटीत बसली एकटी, हे सांगितलं की तुम्ही त्याला कौतुक म्हणता?

दुसरा आक्षेप वजनदार आहे, आणि निम्मा मला मान्यच आहे. वसाहतीत पुरुषांच्या मानाने बायका मूठभर. सरकारला कैदी शेती करून, घर करून, गपगुमान राहायला हवे होते, म्हणून लग्नं. बायकांच्या तुरुंगात हातमागावर कैद्यांचे कपडे विणत पाच वर्षं काढली की ती लग्नाला पात्र. पुरुषाला त्याहून जास्त वर्षं काढून, स्वतःच्या कमाईवर राहायची परवानगी मिळवावी लागे. मग त्याने येऊन बाई पसंत करायची, साहेबाने जात-धर्म आणि गावाकडची बायको यांची चौकशी करायची. बाईला नाही म्हणता येई. पण नाही म्हटलं की पुन्हा तोच तुरुंग, फार तर कुणाकडे घरकाम. त्याला मोकळी निवड मीही म्हणणार नाही.

पण हेही बघा. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा. पुण्यातल्या वाड्यांत तो कागदावरच राहिला. विधवेला पुन्हा कुंकू लावायची सोय आपल्या समाजाने केली नाही, ती तुरुंगाच्या साहेबाने केली, तीही स्वतःच्या मतलबासाठी. मला यात इंग्रजांचं कौतुक नाही, आपलीच लाज वाटते.

आणि जोडी सरकारने लावली, पुढचं कोणी निभावलं? तिथे सासू नाही, भावकी नाही, माहेरचं माणूस नाही. बाळंतपणाला धावून येणार कोण? शेजारची, बहुधा कालपर्यंत बाजूच्या मागावर बसलेली. या घरांतली मुलं पुढे हिंदुस्तानी बोलू लागली, जातीबाहेर सोयरिकी करू लागली, आणि त्यांचे वंशज आजही पोर्ट ब्लेअरमध्ये (आताचं श्री विजयपुरम) ‘लोकल बॉर्न’ म्हणून ओळखले जातात. ज्यांना आपल्याकडच्या घरांनी ओवाळून टाकलं, त्यांची ही नातवंडं-पणतवंडं. याला कुटुंब म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, तेवढं सुचवा.

लेख काढणार नाही. पुढचा भाग स्वकमाईवर राहणाऱ्या कैद्यांच्या गावांवर आहे, त्यांची जमीन, गुरं आणि भांडणं. तोही वाचा आणि पटलं नाही तर असंच सडेतोड लिहा.